सिग्नलला काटा वर, हायवेला खाली – पंखा की आणखी काही?

वरणफळ (मूळ धागा)

मंडळी, गाडीच्या बाबतीत मी 'किल्ली फिरवली की चालली पाहिजे' या गटातला. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक, ८६ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पहिले पन्नास प्रतिसाद "तरी सांगत होतो" असे येतील.

लक्षण असं. संध्याकाळी सिंहगड रोडच्या रांगेत पाच-सात मिनिटं अडकलं की तापमानाचा काटा वर सरकतो. मोकळा रस्ता मिळाला की आपोआप मधोमध येतो. इतके दिवस दुर्लक्ष केलं. गेल्या शनिवारी साताऱ्याला निघालो, खंबाटकीच्या चढावर जाम लागला आणि काटा लाल पट्टीला टेकला. गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं, तर रेडिएटरचा पंखा ढिम्म. अर्धा तास थांबून, पुढे कुठेही न रेंगाळता कसेबसे पोचलो.

परत आल्यावर दोन गॅरेजं झाली. पहिला म्हणाला, "फॅन असेंब्ली गेली, ६५०० होतील." दुसरा म्हणाला, "हेड गॅस्केट वाटतंय, हेड उतरवून बघावं लागेल." (म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील.) घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "दोघांनी तपासलं काय?" खरं सांगायचं तर दोघांनी बोनेट उघडून नुसतं 'हं' म्हटलं.

तर पैसे घालण्याआधी घरच्या घरी छडा लावता येईल का? मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला ३०० रुपयांचा मल्टिमीटर आहे. पाने-पकड आहेत. रविवार मोकळा आहे.

ता. क. डावा हेडलाइटही हल्ली मिणमिणतो, बल्ब बदलला तरी तसाच. पण तो विषय वेगळा, नंतर बघू.

तिरकस

दोघांनी 'हं' म्हटलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत? गॅरेजचा पत्ता द्या.

घाटवळण

लक्षण छान लिहिलंय, त्यातच अर्धं उत्तर आहे. गाडी ४०-५०च्या पुढे पळत असली की वारा रेडिएटरमधून आपसूक जातो, पंख्याची फारशी गरज नसते. उभ्या गाडीला वारा कुठला? तिथे सगळी मदार पंख्यावर. म्हणजे सिग्नलला तापते नि हायवेला निवते, तर गडबड पंख्यात, नाहीतर पंख्याला 'फिर' म्हणून सांगणाऱ्या साखळीत. उलट असतं, म्हणजे पळताना तापते आणि सिग्नलला ठीक असते, तर मी कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच कुलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) किंवा पाण्याचा पंप बघितला असता.

हेड गॅस्केटबद्दल: कुलंट गळती न दिसता कमी होतंय का? इंजिन चालू असताना कुलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येतात का? ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आहे का? गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर? यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू देऊ नका. हां, लाल पट्टीवर वारंवार चालवलीत तर गॅस्केट खरोखरच जाईल, तेव्हा तो मेकॅनिक द्रष्टा ठरेल.

पहिला प्रश्न: एसी लावल्यावर पंखा फिरतो का?

रेवाकाठ

आणि कृपा करून गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. कुणीतरी लिहायलाच हवं होतं म्हणून लिहिलं. माझ्या आतेभावाच्या हातावर अजून डाग आहेत. ते झाकण आत दाब धरून ठेवतं, साधारण ०.९ ते १.१ बार. त्या दाबाखाली पाणी ११५-१२० पर्यंतसुद्धा उकळत नाही. झाकण सुटलं की दाब गेला, आणि सगळं एकदम उसळून अंगावर. वरचा होज पाइप हाताला निवांत लागेपर्यंत थांबायचं.

वरणफळ

झाकणाला हात लावलेला नाही, देवाशप्पथ.

एसी लावून बघितलं. बोनेटखालून 'टक्' असा आवाज आला, पंखा काही फिरला नाही. थोड्या वेळाने एसीची हवाही कोमट झाली. कुलंट मिन-मॅक्सच्या मध्ये, बुडबुडे नाहीत, ऑइल स्वच्छ. मेव्हण्याकडचं ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलला देणारं यंत्र) लावून मोबाइलवर तापमान बघितलं: उभ्या गाडीत ९६, ९९, १०३... तिथे घाबरून इंजिन बंद केलं.

घाटवळण

उत्तम! डोंगलचा आकडा काट्याबरोबर हळूहळू चढतोय, म्हणजे तापमानाचा सेन्सर बहुतेक ठीक. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ९५ ते १०० च्या आसपास पंखा लागतो. शिवाय एसी लावला की तापमान काही असो, पंखा फिरायला हवा, कारण एसीचा कंडेन्सरही त्याच पंख्याच्या जिवावर असतो. हवा कोमट झाली ती त्यामुळेच. म्हणजे सेन्सर आणि थर्मोस्टॅट बाजूला ठेवा. फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा, विजेवर चालणारा स्विच), वायर, मोटर, एवढंच उरलं.

पान्हा १०-१२

भावा, आमचं कोल्हापुरात गॅरेज हाय, म्हणून बोलतोय. पयलं फ्यूज बघ. इंजिनाशेजारच्या काळ्या डबीत असतोय, ३० नाहीतर ४० अँपिअरचा. नुसतं डोळ्यानं बघू नको, मीटरच्या बीपवर लावून बघ. मग रिले. डबीच्या झाकणावर चित्र असतंय, हॉर्नचा रिले सेम नंबरचा असला तर अदलाबदल कर. हॉर्न वाजला तर रिले चांगला.

खवचट काका

आमच्या काळी असले रिले-बिले नव्हते. पद्मिनीला पंखा पट्ट्यावर, इंजिन फिरलं की पंखा फिरणार, हुकुमाची वाट बघत बसत नसे. बिघडायला होतं काय?

तिरकस

काका, पट्टा तुटायचा. आणि जाममध्ये इंजिन सावकाश फिरायचं तेव्हा पंखाही सावकाश फिरायचा, म्हणजे नेमकी गरज असताना आराम. म्हणून तर बोरघाटात बोनेट उघडी टाकून माणसं चहा पीत उभी असायची.

खवचट काका

तो चहा तुमच्या नशिबी नाही, हे दुःख आहे. वडिलांच्या गाडीत डालड्याच्या डब्यात पाणी आणि एक ओलं पोतं कायम असे. आई घाटात थांबायच्या वेळेचा हिशोब धरूनच दशम्या बांधायची.

वरणफळ

फ्यूज बीप झाला, दोन्ही टोकांना. रिले हॉर्नशी बदलला. पंख्याच्या रिलेवर हॉर्न ठणठणीत वाजला (शेजारचे गॅलरीत आले). हॉर्नच्या रिलेवर पंखा मात्र नाही.

पान्हा १०-१२

मग कार्बन संपल्यात मोटरीचं, म्हंजे आतल्या फिरत्या भागाला वीज देणारं तुकडं. परीक्षा सोपी हाय. इंजिन चालू, एसी चालू, आणि लाकडी दांडक्यानं मोटरीच्या पाठीवर हलक्या हातानं ठोक. फिरला तर कार्बनच.

मस्कतकर

ठोकताना हात, ओढणी, टाय, लोंबतं काहीही पात्यांपासून लांब ठेवा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. आमच्याकडे उन्हाळ्यात ४५च्या वर जातं, गाडी लावून उतरलो तरी मागे पंखा घोंघावत असतो. नवख्यांना वाटतं गाडी बंद करायची राहिली.

वरणफळ

ठोकलं! दांडकं सापडेना म्हणून लाटणं घेतलं. तिसऱ्या ठोक्याला पंखा फिरला, अर्धा-पाऊण मिनिट चालला आणि परत बंद. पान्हासाहेब, तुम्हाला कोल्हापुरी सलाम. मोटर मागवू?

पान्हा १०-१२

बघ! म्हटलं न्हवतं? नवीन असेंब्ली नको घेऊ. मोटरी बांधणाऱ्याकडं ने, कार्बन बदलून देईल. साडेसहा हजार कशाला घालवतोस.

रिकामटेकडी

थांबा, थांबा. मोटर अजून उतरवू नका.

ठोकल्यावर नुसती मोटर हलली का? मोटरीबरोबर तिचा सांगाडा हलला, कनेक्टर हलला, त्यातून पुढे गेलेली वायर हलली. यातलं काहीही सैल असेल तरी पंखा फिरेल. ठोकून फिरणं म्हणजे 'कुठेतरी संपर्क तुटतोय' एवढंच सिद्ध झालं. तो कार्बनमध्येच तुटतोय हे नाही.

दोन गोष्टी करा. एक, पंख्याचा कनेक्टर काढा, इंजिन आणि एसी चालू करून वायरकडच्या दोन पिनांत किती व्होल्ट येतात ते मोजा. दोन, इंजिन बंद करून मोटर दोन जाड वायरींनी थेट बॅटरीला जोडा. प्लसच्या वायरीत ३० अँपिअरचा फ्यूज घाला, नाहीतर वायर चुकून बॉडीला टेकली की आतषबाजी.

(मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवते. नाव रिकामटेकडी असलं तरी.)

पान्हा १०-१२

मॅडम, वीस वर्सं ठोकूनच बघतोय, शंभरातल्या नव्वद गाड्यांत कार्बनच निघतंय.

रिकामटेकडी

दादा, तुमचे नव्वद मान्य. ही उरलेल्या दहातली आहे का, ते बघायला दहा मिनिटं लागतात. मोटर उतरवायला तास जाईल.

वरणफळ

पहिली मोजणी: १३.८ व्होल्ट. अगदी स्थिर.

सोलापुरी चादर

१३.८ पोचतायत आणि फिरत नाही म्हणजे मोटर मेली. विषय संपला.

उगाचच

+१

अर्धवटराव

+१. एवढ्या वेळात नवीन बसवून झाली असती. शक्यतो जुन्या बाजारातून घेऊ नका, तिथल्या मोटरी दुसऱ्या कुणीतरी असाच धागा काढून उतरवलेल्या असतात.

वरणफळ

दुसरी मोजणी: मोटर थेट बॅटरीला लावली. असा सुसाट फिरला की बॅटरीवर ठेवलेला पेपर उडून गटारात गेला. तीनदा लावून बघितलं, तिन्ही वेळा पहिल्या झटक्यात.

आता सांगा. मोटर ठणठणीत. कनेक्टरपर्यंत १३.८ येतोय. दोन्ही जोडले की शांतता. आमच्याकडे याला भुताटकी म्हणतात.

तिरकस

लिंबू-मिरची पुढच्या बंपरला बांधलीय का? तिचा रस रिलेत गेला असेल.

रिकामटेकडी

भूत नाही, मीटर आहे. तो खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो.

सोसायटीतली टाकी डोळ्यासमोर आणा. टाकी भरलेली आहे, पण खाली येणारा पाइप आतून क्षाराने चोंदलाय. नळ बंद असताना दाब मोजलात तर पुरेपूर दिसेल, कारण पाणी वाहतच नाही. नळ उघडला की करंगळीएवढी धार. डिजिटल मीटर हा जवळजवळ बंद नळच असतो. त्याच्या आत साधारण १ कोटी ओहमचा अडथळा असतो, त्यातून विजेचा एक थेंबही जात नाही म्हटलं तरी चालेल. वाटेत कुठे ५ ओहमचा गंज बसला असेल तर मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. पंख्याला मात्र ८-१० अँपिअर लागतात. त्याच्या वाट्याला त्या ५ ओहममधून काय येणार?

म्हणून मोजायचं ते पंखा जोडलेला असताना. कनेक्टर परत लावा, मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून पिनपर्यंत पोचा, एसी लावा. मग:

काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब पंख्याच्या अर्थ पिनेवर (अर्थ म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट). इथे जवळजवळ शून्य यायला हवं, पाव व्होल्टच्या आत. जास्त आलं तर अर्थ खराब.

नंतर लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा पंख्याच्या प्लस पिनेवर. इथेही जवळजवळ शून्य. जास्त आलं तर दोष प्लसच्या वाटेवर, म्हणजे रिलेचा सॉकेट, वितळलेला कनेक्टर, उंदराने कुरतडलेली वायर.

दोन्हीकडे शून्य आलं आणि तरी पंखा बंद असेल, तर मोटर आतून तुटलेली, आणि कोल्हापूरकर जिंकले.

घाटवळण

मीटर नसलेल्यांसाठी भर: जुना हेडलाइटचा बल्ब पंख्याच्या जागी जोडा. लखलखीत पेटला तर वाट मोकळी, मिणमिणला तर कुठेतरी चोंदलंय. जुने वायरमन याच बल्बावर आयुष्य काढतात आणि सहसा चुकत नाहीत.

अर्धवटराव

एवढं कशाला? आमच्या मेकॅनिकने पंखा सरळ इग्निशनवर डायरेक्ट करून दिला आणि वर थर्मोस्टॅट काढून टाकला. चार वर्षं झाली, काटा कधी अर्ध्याच्या वर गेलेला नाही.

रेवाकाठ

अर्ध्यापर्यंत तरी पोचतो का? थर्मोस्टॅट काढला की इंजिन वेळेवर गरमच होत नाही. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून थंडच आहे, मग पेट्रोल जास्त सोडत राहतो. मायलेज किती पडतं ते विचारणार नाही.

अर्धवटराव

विचारू नका.

खवचट काका

आणि कुलंटऐवजी नळाचं पाणी घालता ना? ते लिहायचं राहिलं.

अर्धवटराव

बोअरचं.

चिंचेचा कोळ

मी एरवी पाककृतींच्या विभागात असते, चुकून इकडे आले. मूळ धाग्यातली शेवटची ओळ कुणीच वाचली नाही का? डावा हेडलाइट मिणमिणतोय, बल्ब बदलूनही. घाटवळण यांनी वर लिहिलंय की बल्ब मिणमिणला तर वाट चोंदलेली. मग तो बल्ब कधीपासून ओरडून तेच सांगतोय ना? गाडीतलं मला काही कळत नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात मिक्सर लावला की ट्यूब फडफडायची, तेव्हा दोष एकाच सॉकेटमध्ये निघाला होता.

रिकामटेकडी

चिंचेचा कोळ, दंडवत! इतका वेळ मी मीटरवर प्रवचन देत होते आणि तो बल्ब समोरच होता. डावा हेडलाइट आणि पंखा पुढच्या बाजूला एकाच अर्थ नटावर येत असण्याची दाट शक्यता आहे. वरणफळ, बॅटरी कुठल्या बाजूला आहे?

वरणफळ

डावीकडे. मोजायला चाललो.

उगाचच

पॉपकॉर्न.

वरणफळ

झालं! सविस्तर लिहितो.

प्लसच्या बाजूला ०.२. अर्थच्या बाजूला ११.९! म्हणजे १३.८ पैकी जवळजवळ सगळा व्होल्टेज अर्थच्या वाटेतच मुरत होता, पंख्याला उरलं दीडएक.

पंख्याची काळी वायर धरून मागे मागे गेलो. ती बॅटरीच्या ट्रेखाली शिरते. ट्रे काढला, तर खाली बॉडीला एक नट, त्यावर तीन काळ्या वायरींचे लग (टोकाच्या धातूच्या कड्या), आणि सगळ्यावर पांढरट-हिरवट भुकटीचा डोंगर. बोट लावलं तर चटका बसला. ओहमचा नियम शाळेत पाठ केला होता, आज हाताला कळला. तीनपैकी एक वायर डाव्या हेडलाइटची निघाली.

कारणही माझंच. गेल्या उन्हाळ्यात बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर अगदी काठोकाठ भरलं होतं. त्यातलं अ‍ॅसिड उतू जाऊन ट्रेमधून बरोबर त्या नटावर ठिबकत असणार.

आधी बॅटरीचा मायनस काढला. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओतला, फसफसून गेलं. १० चा नट सोडवला, लग आणि बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवा वॉशर घालून आवळला, वरून व्हॅसलीन. परत मोजलं: ०.०८. एसी लावला आणि पंखा पहिल्या टक् ला सुरू. डोंगलवर ९७ ला लागतो, ९२ ला थांबतो. रात्री हेडलाइट लावला तर डावाच जास्त पांढरा दिसतोय, कारण बल्ब नवा.

खर्च: पॉलिश पेपर १५ रुपये. वॉशर हार्डवेअरवाल्याने फुकट दिला.

पान्हा १०-१२

मॅडम, मानलं. उद्यापासनं ठोकायच्या आधी मायनसवर मीटर लावतो. पण ठोकणं काय सोडणार न्हाई.

रिकामटेकडी

सोडू नका. फक्त ठोकून फिरल्यावर लगेच बिल करू नका. :)

सोलापुरी चादर

माझा वरचा 'विषय संपला' मागे घेतो.

नवखा ६७

इथेच विचारतो. माझा पंखा उलट, सकाळी थंड इंजिनावर किल्ली फिरवली की लगेच फुल स्पीडला सुरू होतो आणि थांबतच नाही. तोही अर्थच का?

घाटवळण

बहुधा नाही. बऱ्याच गाड्यांत तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली किंवा कनेक्टर निघाला की ईसीयू 'काही कळत नाहीये, मग पंखा चालूच ठेवतो' असं करतो. सेन्सरचा कनेक्टर बघा. नाहीतर रिले आतून चिकटला असेल: रिले उपटल्यावर पंखा थांबला आणि हॉर्नचा लावल्यावर शहाण्यासारखा वागला, तर तो रिलेच. पण नवा धागा काढा, इथे आता अर्धवटरावांच्या बोअरच्या पाण्यावर चर्चा होणार आहे.

अर्धवटराव

मेकॅनिकला विचारलं, थर्मोस्टॅट परत बसवतो म्हणाला. तो काढून ठेवलेला कुठे आहे ते मात्र त्याला आठवत नाही.

वरणफळ

शेवटचं अपडेट. काल पुन्हा साताऱ्याला गेलो. खंबाटकीत त्याच वळणावर, त्याच रांगेत वीस मिनिटं उभे. पंखा चारदा लागला, चारदा थांबला, काटा मधोमध. शेजारच्या गाडीतून बोनेटखाली वाफ येत होती. खाली उतरून त्यांना म्हटलं, झाकण उघडू नका, एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा, तेवढीच इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. ऐन मे महिन्यात हीटर म्हटल्यावर मागे बसलेल्या आजींनी माझ्याकडे जे बघितलं ते विसरणार नाही.

लाटणं गाडीच्या डिकीतच राहिलंय. साताऱ्याला पोचल्यावर बायकोचा फोन आला, पोळ्या बाटलीने लाटतेय म्हणून.